गप्प बसलेला राजा

पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी अकरा वर्षं इतिहास शिकवला. वरच्या वर्गांना इंग्लंडचा मध्ययुगाच्या अखेरीचा काळ असायचा. त्यात एक राजा होता आणि त्याच्यावरचा प्रश्न फिरून फिरून परीक्षेत यायचा : या राजाने आपलं राज्य कितपत परिणामकारकपणे चालवलं?

माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. राजा गादीवर आला तेव्हा एक वर्षाचाही नव्हता. बाप मोठा लढवय्या, फ्रान्सचा निम्मा मुलूख जिंकून ऐन तारुण्यात गेलेला. मुलगा निघाला मऊ आणि देवभोळा. रक्त बघवायचं नाही त्याला. शाळा-कॉलेजं काढण्याची हौस, पण दरबारातली भांडणं मिटवता येत नसत. समोर येऊन कोणी काही मागितलं की देऊन टाकायचा, जमीन म्हणा, पद म्हणा, माफी म्हणा. एकच पद दोघांना देऊन बसल्याचेही दाखले आहेत. बड्या सरदारांनी गावोगावची न्यायालयं आपल्या मुठीत घेतली. बापाने जिंकलेला मुलूख हातचा गेला. आणि तिशी नुकतीच ओलांडलेली असताना एक दिवस राजा गप्प झाला. बोलेना, ओळखेना, हलेना. जवळजवळ दीड वर्ष.

मी याचे पाच मुद्दे केले होते. मुलं ते पाठ करायची, शेवटी ‘राजा अपयशी ठरला’ असं लिहायची आणि चांगले गुण मिळवायची. मला स्वतःला त्या राजाबद्दल ना राग होता ना माया. तो पाच मुद्द्यांचा होता, एवढंच.

मग नवऱ्याला जर्मनीत इंगोलश्टाटला नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या आणि कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीत. आधी नुसता इंजिनिअर, मग नऊ जणांच्या टीमचा प्रमुख. माझ्या पदव्यांचा इथे काही उपयोग नव्हता. जर्मनच्या परीक्षा दिल्या आणि एका प्राथमिक शाळेत दुपारी मुलांना जेवायला वाढून त्यांचा गृहपाठ करून घेण्याचं काम धरलं. ते काम मला आवडतं. मुलगी मात्र हळूहळू पूर्ण इथली झाली. आम्ही मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हे इतकं अंगवळणी पडलं की कोण कुठल्या भाषेत बोललं हे आम्हाला आता आठवतही नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना, मंगळवारची सकाळ. नवरा नेहमीसारखा साडेसातला निघाला. नऊच्या सुमाराला त्याचा फोन आला.

“मी गाडीत बसलोय.”

“कुठे?”

“ऑफिसच्या पार्किंगमध्ये.”

“मग?”

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “उतरता येत नाहीये.”

मला वाटलं, पाठ धरली असेल. मी विचारलं, “दार अडकलंय का?” दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या माणसाला मी हे विचारलं.

“दार ठीक आहे,” तो म्हणाला.

मी शाळेत कळवलं, बस पकडली आणि पोचले. तो गाडीत सरळ बसलेला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कोट अंगात, गळ्यात ऑफिसचं कार्ड. काचांवर आतून वाफ धरली होती. मी शेजारी जाऊन बसले. ओळखीची माणसं कॉफीचे पेले घेऊन जवळून जात होती, मान हलवून गुटन मॉर्गन म्हणत होती, आणि तोही मान हलवत होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, नवरा-बायको काहीतरी ठरवत बसलेत.

“घरी जाऊया?” मी विचारलं. त्याने मान हलवली. मला गाडी चालवता येत नाही. गाडी तिथेच ठेवून आम्ही बसने घरी आलो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास त्याच्याशी शांतपणे बोलून आधी दोन आठवड्यांची क्रांकश्राइबुंग लिहून दिली, आजारी असल्याचा दाखला. मग चार आठवड्यांची. मग आणखी. डिप्रेशन, त्या म्हणाल्या, आणि हा आजार आहे, आळस नाही, हे तुम्ही दोघांनीही रोज स्वतःला सांगा. गोळ्या सुरू केल्या. टागेसक्लीनिक म्हणून एक सोय असते, दिवसभर उपचार घ्यायचे आणि संध्याकाळी घरी यायचं. तिथे नाव घातलं. रांग मोठी होती.

हॉलमध्ये बाल्कनीच्या काचेपाशी एक जुनी तपकिरी आरामखुर्ची आहे, घर सोडून जाणाऱ्या एका शेजारणीकडून घेतलेली. तो त्या खुर्चीत बसायला लागला. सकाळी बसायचा आणि दुपारी तिथेच असायचा. खाली सायकलींचा गोठा आणि चार बर्चची झाडं दिसतात. तो त्या झाडांकडे बघायचा, पण बघायचा असं म्हणताना मला खात्री वाटत नाही. चहा ठेवला तर निवून जायचा. आंघोळीची आठवण करावी लागायची. विचारलं तर हो, नाही, चालेल, एवढंच. कधी तेही नाही.

घर चालू राहिलं. कसं राहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. इकडे प्रत्येक गोष्टीची पत्रं येतात, विम्याची, घराची, करखात्याची, आणि ती सगळी इतकी वर्षं तोच वाचायचा. आता मी आणि मुलगी स्वयंपाकघरात बसून एकेक पाकीट फोडायचो. ती मोठ्याने वाचायची, मला अर्थ सांगायची, मी उत्तर लिहायची, ती चुका सुधारायची. पंधरा वर्षांची मुलगी आजारविम्याच्या पत्रातली वाक्यं समजावून सांगत होती. कधी कंटाळून म्हणायची, “हे बाबांना विचार ना.” मग आम्ही दोघी हॉलच्या दाराकडे बघायचो आणि पुढचं पाकीट घ्यायचो.

मैत्रिणींना घरी आणणं तिने बंद केलं. मी कारण विचारलं नाही. मलाही शेजारीण दारात भेटली की आधी आतलं दार ओढून घ्यायची सवय लागली होती.

सासूबाई नाशिकला असतात. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल. पाच-सहा रविवार मी काहीबाही सांगितलं. झोपलाय, ऑफिसचं काम आलंय, खाली गेलाय. सातव्या रविवारी त्या म्हणाल्या, “हे बघ, तो घरात आहे हे मला माहीत आहे. मला काही सांगू नकोस. फोन नुसता त्याच्या समोर ठेव.”

“अहो आई, तो बोलत नाही फारसा सध्या.”

“मी कुठे म्हणाले, बोल म्हणून?”

मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला. सासूबाईंनी पलीकडे मेथीची जुडी सोडली आणि निवडायला बसल्या. त्यांच्या सोसायटीतल्या पाण्याच्या मोटरचं काय झालं, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा गुडघा, मेथी किती कोवळी मिळाली. एक प्रश्न विचारला नाही. कसा आहेस, नाही. जेवलास का, नाही. पाऊण तासाने पानं उचलून म्हणाल्या, “चला, झाली माझी भाजी,” आणि फोन ठेवला. त्यानंतर दर रविवारी हेच. कधी मेथी, कधी गवार, कधी शेंगदाणे सोलणं. मी तोपर्यंत त्याला दिवसातून वीस प्रश्न विचारत होते.

एप्रिलच्या शेवटी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, “मला रेफेराट आहे.” रेफेराट म्हणजे वर्गासमोर वीस मिनिटं एखादा विषय मांडायचा. तिच्या शाळेत इतिहासाचा एक वर्ग इंग्रजीतून घेतात, त्यातला. विषय चिठ्ठ्या टाकून दिले होते. तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. माझाच राजा. राज्य कितपत परिणामकारकपणे चालवलं, तेही तसंच.

मला किती आनंद झाला हे सांगताना आज लाज वाटते. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला येत असलेली गोष्ट घरात आली होती. जुन्या लॅपटॉपवरून माझ्या नोट्स काढल्या, चहा केला, तिला समोर बसवलं आणि शिकवायला लागले. आवाजही वर्गातला लागला. लहानपणी गादी, हा पहिला मुद्दा. कोणालाही नाही न म्हणणं, दुसरा. सरदार, फ्रान्स. ती लिहून घेत होती. पाचव्या मुद्द्याला पोचेपर्यंत मी चांगलीच रंगात आले होते.

“आणि मग तर काय,” मी म्हणाले, “माणूस दीड वर्ष नुसता बसून होता. भिंतीकडे बघत. काही करत नव्हता, बोलत नव्हता. मुलगा झाला, तो समोर आणला, तर त्याच्याकडे एकदा बघून मान खाली घातली. असा माणूस काय राज्य चालवणार? सगळं कोलमडणार नाही तर काय होणार?”

मुलीचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हॉलच्या उघड्या दाराकडे. जर्मनमध्ये, अगदी हळू आवाजात म्हणाली, “आई. दार.”

मी हॉलमध्ये गेले. तो खुर्चीत होता, पाठ आमच्याकडे. केस मानेवर वाढले होते. काही ऐकलं असेल असं चेहऱ्यावर नव्हतं, पण चेहऱ्यावर काहीच नसायचं. मला माफी मागायची होती. पण माफी मागितली तर मी त्याच्याचबद्दल बोलत होते असं ठरलं असतं, आणि मी खरंच राजाबद्दल बोलत होते. निदान मला तसं वाटत होतं. मी त्याचा निवलेला चहा उचलला आणि परत आले. मुलगी तिच्या खोलीत निघून गेली होती. माझ्या नोट्स टेबलावरच होत्या.

त्यानंतर तिने माझी मदत घेतली नाही. ग्रंथालयातून दोन जाडी पुस्तकं आणली आणि स्वतः वाचत बसली. आठवडाभर मी त्या विषयाचं नाव काढलं नाही. मग एकदा कपड्यांच्या घड्या घालताना तिनेच विचारलं, “आई, त्याला डॉक्टर काय काय देत होते, तुला माहीत आहे?”

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत मी ते वाचलं नव्हतं.

“काढे, सरबतं, लेप. डोकं भादरायचं. रक्त काढायचं. हे सगळं करायला राजमंडळाची परवानगी लिहून घेतलेली आहे.” एक मोजा उलटा करत ती म्हणाली, “आणि सरदार भेटायला गेले ना, मोठा कारभारी वारला होता, नवा नेमायचा होता म्हणून. त्यांनी विचारलं, उत्तर नाही. जेवण झाल्यावर परत विचारलं. मग दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला दुसऱ्या खोलीत नेलं, तिथे परत विचारलं. तीनदा. तो काहीच बोलला नाही. मग ते परत गेले, दुःखी होऊन. असं लिहिलंय, दुःखी होऊन.”

“असेलही,” मी म्हणाले.

“तुझ्या नोट्समध्ये हे का नाहीये?”

“परीक्षेत विचारत नाहीत.”

ती मोज्यांच्या जोड्या लावत राहिली.

रेफेराटच्या आदल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “मी एकदा म्हणून दाखवते, तू वेळ लाव.” मी स्वयंपाकघरात बसायला निघाले, तर ती हॉलमध्ये जाऊन उभी राहिली. खुर्चीपासून चार पावलांवर. मी खुणेने ‘इथे नको’ म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं आणि सुरुवात केली.

इंग्रजीत बोलत होती, सावकाश, हातात छोटी कार्डं. मी सोफ्याच्या टोकाला बसून मोबाइलवरची वेळ बघत होते. तिच्या बापाची पाठ तशीच होती. ती आजारापाशी आली. त्या ऑगस्टमध्ये राजा अचानक गप्प झाला, पुढचे कित्येक महिने त्याला काही समजत होतं की नव्हतं हे कोणालाच सांगता आलं नाही, असं काहीसं वाक्य होतं.

“त्याचं फरट्रेटुंग कोण करत होतं?”

आम्ही दोघी थबकलो. त्याने मान वळवली नव्हती, पण आवाज त्याचाच होता, थोडा घोगरा. फरट्रेटुंग म्हणजे बदली. इकडे कोणी रजेवर गेला की त्याचं काम कोण बघणार त्याचं नाव आधीच लिहून ठेवलेलं असतं; त्याशिवाय रजाच मिळत नाही.

मुलीने कार्डं खाली केली. “कोणीच नाही,” ती म्हणाली. “म्हणजे ठरवलंच नव्हतं. सात महिने ठरत नव्हतं. राणीला वाटत होतं तिला मिळावं, राजाचा एक चुलत भाऊ होता त्याला वाटत होतं त्याला मिळावं. शेवटी त्या भावाला केलं.”

“त्याने नीट केलं?”

“गेनाऊ, बरोबर, तेच पुढच्या कार्डावर आहे. बऱ्यापैकी. भांडणं थोडी थांबवली.”

“मग पद्धतच चुकीची होती,” तो म्हणाला. “एका माणसावर सगळं कसं ठेवतात? तो आजारी पडला तर काय, हा प्रश्न आधी कोणी विचारलाच नाही?” आता त्याने खुर्ची थोडी वळवली होती. “पण आजारी पडायच्या आधी कसा होता? तेव्हा तरी बरा चालवत होता का?”

मला वाटलं, ही आता काहीतरी गोड बोलेल. पण माझी मुलगी खोटं बोलत नाही. “नाही,” ती म्हणाली. “तेव्हाही नाही. सगळ्यांना हो म्हणायचा. एकच नोकरी दोघांना देऊन टाकायचा. मग ते दोघं भांडायचे.”

तो हसला. हसणं म्हणण्याइतकं मोठं नव्हतं, नाकातून हवा बाहेर आली, पण मी ते दहा आठवड्यांत पहिल्यांदा ऐकलं.

“मीही तेच केलं,” तो म्हणाला. “दोन गिऱ्हाइकांना एकच तारीख दिली. त्याआधी तिसरं प्रोजेक्ट घेतलं. बॉस म्हणाला जमेल का, मी जमेल म्हणालो. टीममधले म्हणाले जमणार नाही, त्यांनाही म्हणालो, जमेल, मी करतो. प्रत्येकाला हो. त्या मंगळवारी दहा वाजता दोघांची एकदम मीटिंग होती. दोन वेगवेगळ्या खोल्यांत.”

हे मला त्याने कधी सांगितलं नव्हतं. दहा आठवडे मी विचारत होते, काय झालं, ऑफिसमध्ये काही झालं का, कोणी काही बोललं का. ते त्याने आता सांगितलं, मला नाही, तिला, राजाच्या निमित्ताने. मला जरा लागलं. पण आनंद त्याहून मोठा होता, आणि मी मोबाइलवरची वेळ तशीच पळू दिली.

मुलगी खुर्चीच्या हातावर टेकली. “मग पुढचं सांगू?”

“सांग.”

कार्डं बाजूला ठेवून तिने सांगितलं, निम्मं जर्मन, निम्मं मोडकंतोडकं मराठी. नाताळात राजा बरा झाला. राणी मुलाला घेऊन आली. राजाने विचारलं, ह्याचं नाव काय ठेवलं? तिने सांगितलं. तेव्हा त्याने दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले. आणि म्हणाला की इतके दिवस लोक त्याच्याशी काय बोलत होते, तो कुठे होता, त्याला काहीच कळलं नव्हतं.

नवरा मग म्हणाला, “मला कळत होतं.”

मुलगी खुर्चीच्या हातावरून त्याच्याकडे वळली.

“मला सगळं ऐकू येत होतं. उत्तर देता येत नव्हतं. म्हणजे शब्द असायचे, पण ते बाहेर काढायचे म्हणजे... जिना चढल्यासारखं. पण ऐकू येत होतं.”

“त्या दिवशीचं?” मी विचारलं. “स्वयंपाकघरातलं?”

“तेही.”

मी उठले आणि त्याच्यापुढे जमिनीवर बसले. काय बोलले ते जसंच्या तसं आठवत नाही. चुकलं, एवढं नक्की म्हणाले. तुझ्याबद्दल नव्हतं, असं म्हणणार होते, पण तो असा माझ्याकडे बघत असताना ते म्हणवेना. कारण थोडं त्याच्याबद्दल होतंच. मी दमले होते, मला भीती वाटत होती, आणि तो राग मी त्या बिचाऱ्या राजावर काढला होता.

“असू दे,” तो म्हणाला. “पण तुझा पाचवा मुद्दा चुकीचा आहे. आजारी माणसाचे त्यासाठी मार्क कापता येत नाहीत. आधीच्या चारांचे काप.”

मुलीने लगेच कार्डावर काहीतरी लिहून घेतलं.

रेफेराटच्या दिवशी, बुधवारी सकाळी तो तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेला. दाढी केलेली नव्हती, घरातल्याच पँटवर कोट. मी बाल्कनीतून बघत होते. सायकलींच्या गोठ्यापाशी दोघं थांबली, तिने काहीतरी विचारलं, त्याने बोटं मोजत काहीतरी सांगितलं. बस आली, ती गेली, आणि तो तिथे बाकावर बराच वेळ बसून मग परत आला. आल्यावर झोपला, दुपारपर्यंत. एवढंच. पण तो गेला होता.

तिने रेफेराटमध्ये काय मांडलं ते मी नंतर वाचलं. राज्यकर्ता म्हणून तो परिणामकारक नव्हता, हे तिने सरळ लिहिलं होतं, काही लपवलं नव्हतं. पण आजाराचे महिने तिने वेगळे काढले होते. राज्याची घडीच अशी होती की सगळं एका माणसाच्या तब्येतीवर टांगलेलं, आणि त्याचं अपयश त्या माणसाच्या एकट्याच्या नावावर टाकता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी हेही होतं की बरा होऊन परत आल्यावर राजाने त्या चुलत भावाला घाईने दूर केलं, त्याची कामं उलटवली, आणि काही महिन्यांत लढाई झाली. ‘बरं होणं आणि लगेच सगळं परत हातात घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,’ असं एक वाक्य होतं. ते तिचं होतं की बापाचं, मला माहीत नाही. शिक्षकांनी तिला ‘दोन’ ही श्रेणी दिली. इकडे ‘एक’ सर्वांत वरची. आजार आणि कारभार यांत फरक चांगला केला आहे, शेवट लांबला आहे, असा शेरा. मी असते तर शेवट लांबवल्याबद्दल काही म्हटलं नसतं.

यानंतर तो बरा झाला, असं सांगून मोकळं व्हावं असं वाटतं, पण तसं झालं नाही. मे महिन्यात पुन्हा तीन आठवडे तो जवळजवळ बोललाच नाही. मी मात्र तोवर प्रश्न विचारणं सोडलं होतं. शाळेतून आले की त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि आज मुलांनी काय गोंधळ घातला ते सांगायची, कांदे चिरत किंवा बटाटे सोलत. त्याने ऐकलं तर ऐकलं. जूनमध्ये टागेसक्लीनिकमध्ये जागा मिळाली. तिथे त्याला माती दिली, रंग दिले, दहा अनोळखी माणसांबरोबर गोल करून बसवलं. पहिल्या दिवशी वैतागून आला. तिसऱ्या आठवड्यात मातीची एक बिजागरी करून आणली, उघडझाप होणारी. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या म्हणे, इथेही काम करताय?

शरद ऋतूत तो कामावर परतला. इकडे हळूहळू परतू देतात. आधी दिवसाचे दोन तास, मग चार, मग सहा. पहिल्याच आठवड्यात बॉसने बोलावून विचारलं, टीम परत घेणार का? तो बोलावणार हे आम्हाला माहीत होतं. आदल्या दोन संध्याकाळी आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात त्याची तालीम केली होती. मुलगी बॉस व्हायची. पाय पसरून बसायची आणि जाड आवाजात म्हणायची, “आल्झो, तर मग, तुमच्याशिवाय आमचं कसं चालणार?” आणि त्याने नाही म्हणायचं. पहिल्या वेळी तो म्हणाला, “बघतो.” दुसऱ्या वेळी, “सध्या तरी.” पाचव्या-सहाव्या वेळी नीट ‘नाही’ आलं, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

तो खरोखर नाही म्हणून आला. आता तो पुन्हा नुसता इंजिनिअर आहे. टीमची प्रमुख म्हणून त्याच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी आहे आणि ती चांगलं चालवते, असं तो सांगतो. गोळ्या अजून चालू आहेत. फेब्रुवारी आला की आम्ही दोघंही जरा जपून असतो. काही दिवस तो गप्प असतो, आणि आता सकाळीच सांगतो, “आज मी गप्प आहे.” मग मी बरं म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात मुलीला वरच्या वर्गासाठी मुख्य विषय निवडायचे होते. फॉर्म टेबलावर होता. मी दोन दिवस त्याच्या आजूबाजूने घिरट्या घातल्या आणि शेवटी विचारलं, “मग, इतिहास घेणार ना?”

“नाइन,” ती जर्मनमध्येच नाही म्हणाली. “फिजिक्स आणि स्पोर्ट.”

“का गं? तुला तर किती छान येतो.”

“फार वाचावं लागतं. आणि आई, त्यात कोणीच धड वागत नाही.”

नवरा भांडी पुसत होता. तो इतका मोठ्याने हसला की हातातली बशी त्याला खाली ठेवावी लागली.